शिलेदाराचा रविवार

घड्याळाच्या हिशेबाने आठवड्याचे सातही वार सारखेच लांब. परंतु नोकरदाराचा अनुभव निराळा आहे. त्याचा सोमवार सरता सरत नाही आणि रविवार पाहता पाहता हातातून निसटतो. म्हणूनच शनिवारी रात्री कचेरीचे दार बंद करून घरी आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारची कृतकृत्यता दिसते. त्याच्या मागे दार बंद झालेले असते, आणि ते सोमवारपर्यंत उघडावयाचे नाही, हे त्याला ठाऊक असते.

परंतु ज्याच्या कचेरीला दारच नाही, त्याने काय करावे? ज्याची कचेरी म्हणजे स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधले एक टेबल, ज्याचा मालक म्हणजे तो स्वतः आणि ज्याचे गिऱ्हाईक आज पुण्यात तर उद्या परदेशात, अशा माणसांची संख्या शहरांतून वाढत आहे. कोणी हिशेब लिहितो, कोणी नकाशे काढतो, कोणी पुस्तकांची मुद्रिते तपासतो, कोणी भाषांतर करतो. ही माणसे रविवारीही काम करतात आणि तरीही आपला रविवार मोठा निवांत असतो, असे सांगतात. या निवांतपणात खरे किती आणि मनाची समजूत किती, हे पाहण्याजोगे आहे.

इंग्रजीत अशा माणसाला ‘फ्रीलान्स’ म्हणतात. सर वॉल्टर स्कॉट याच्या, १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत हा शब्द भाडोत्री भालाइतांसाठी आलेला आहे. आपला भाला कोणा एका सरदाराला न वाहता जो मोल देईल त्याच्यासाठी तो उचलणारे, ते हे लोक. मराठीत ‘मुक्त व्यावसायिक’ असा शब्द रूढ होत आहे. पण मराठ्यांच्या लष्करात याहून नेमका शब्द पूर्वीच होता. सरकारी पागेतील घोडा आणि सरकारी हत्यार घेऊन लढणारा तो बारगीर. आणि स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा रुबाब मोठा आणि मोकळीकही अधिक. परंतु घोड्याचा दाणावैरणीचा खर्च त्याचा, आणि घोडा मेला तर नुकसानही त्याचेच. आजच्या शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचा संगणक. त्याची दुरुस्ती, विजेचे बिल, आजारपणाचा खर्च हे सारे त्याच्याच कनवटीतून जावयाचे. भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करणाऱ्यांची कायद्यात नोंद घेतली, हे खरे. पण आठवड्याची सुट्टी हा त्या संहितेचा विषय नव्हे. ती सुट्टी शिलेदाराने स्वतःकडेच मागावयाची असते.

डोंबिवलीतील एका घराचा रविवार या दृष्टीने पाहू. ज्येष्ठ महिना सरत आलेला, पहिला पाऊस नुकताच येऊन गेलेला. गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे अजून ओलसर आहेत. रेल्वेचा मेगाब्लॉक असल्याने गाड्यांचा नेहमीचा खडखडाट जरा कमी. खाली मटणाच्या दुकानापुढे रांग लागलेली आहे. श्रावण लागण्यापूर्वीचे रविवार कोणी फुकट दवडीत नाही. घरातील कर्ता पुरुष मुंबईच्या एका कचेरीत नोकरीस आहे. त्याला आज सुट्टी. म्हणून रविवारचे कांदेपोहे त्याने करावयाचे, असा या घरचा जुना ठराव आहे. दहा वर्षांची मुलगी अंथरुणातच गोष्टीचे पुस्तक घेऊन पडली आहे. आणि घरची सून, जी इंग्रजीवरून मराठीत भाषांतरे करून संसाराला हातभार लावते, ती सात वाजताच चहाचा पेला घेऊन आपल्या टेबलाशी बसली आहे. ती शिलेदार आहे.

तिचे सासरे, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, ते गिरणगावात वाढलेले. एका कापड गिरणीच्या साचेखात्यात त्यांनी उमेदीची वर्षे काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर पुष्कळांप्रमाणे अण्णांनाही आपला साचा पुन्हा दिसला नाही. पुढे त्यांनी रखवालदारी केली आणि मुलाला शिकविले. गिरणी सुटली, पण गिरणीची भाषा सुटली नाही. सुनेला टेबलाशी बसलेली पाहून ते अजूनही विचारतात, “पाळी लागली वाटतं?” आणि संध्याकाळी विचारतात, “सुटली का पाळी?” सकाळच्या प्रश्नाला सून हसून मान डोलावते. संध्याकाळच्या प्रश्नाला तिचे उत्तर वर्षानुवर्षे एकच असे, “थोडंच राहिलंय, अण्णा.”

तिच्यापुढे आज जे काम आहे ते रक्तदाब मोजण्याच्या यंत्रासोबत द्यावयाच्या माहितीपुस्तिकेचे. छत्तीसशे शब्द, म्हणजे सुमारे दीड दिवसाचे काम. असे काम वरकरणी रुक्ष वाटते. पण त्यातही मौज असते, आणि ती मौज रविवारच्या सकाळीच नीट चाखता येते. दंडाला गुंडाळण्याच्या पट्टीला तिने प्रथम ‘दंडपट्टा’ असा शब्द योजला. अण्णा दर रविवारी नऊ वाजता आपला रक्तदाब मोजतात. तेव्हा तिने कच्चा मसुदा त्यांच्याच हाती दिला. ज्याच्यासाठी लिहावयाचे त्यालाच आधी वाचावयास द्यावे, ही तिची रीत. अण्णांनी चष्मा लावला, वाचले आणि ते खो खो हसू लागले. “सूनबाई, हा दांडपट्टा मी रक्तदाबाला फिरवायचा, की डॉक्टरला?” शब्द तत्काळ गेला आणि त्याच्या जागी ‘दंडाला गुंडाळावयाची पट्टी’ आली. लांब झाली, पण कोणाच्या हातात तलवार राहिली नाही.

पुढची अडचण याहून सूक्ष्म होती. रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाने पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, पावले जमिनीवर सपाट असावीत, बोलू नये, असा वैद्यकाचा नियम आहे. तिने लिहिले होते, “मापनापूर्वी पाच मिनिटे विश्रांती घ्यावी.” ते वाचून अण्णा सरळ पलंगावर जाऊन आडवे झाले! त्यांची चूक नव्हती. ज्याने आयुष्यभर साच्यांपुढे उभे राहून पाळ्या केल्या, त्याच्या कोशात विश्रांती म्हणजे पाठ जमिनीला लावणे. सून बराच वेळ त्या वाक्याकडे पाहत राहिली. शब्द टेबलाशी सुचला नाही. तो तांदूळ निवडताना सुचला. “पाच मिनिटे स्वस्थ बसावे.” ‘स्वस्थ’ या शब्दात प्रकृतीचे स्वास्थ्य आहे, काही न करणे आहे, आणि मूळ अर्थाने आपल्या ठायी असणेही आहे. एका साध्या शब्दाने अण्णांना पलंगावरून खुर्चीवर आणले. कचेरीत बसून हा शब्द सुचलाच नसता असे नव्हे. पण तेथे तांदूळ निवडावयास कोणी दिले नसते. घरच्या कामाचा निवांतपणा म्हणतात तो हा. काम थांबत नाही, पण ते घरातल्या इतर कामांच्या संगतीने, आपल्या चालीने चालते.

मात्र हा निवांतपणा आपोआप आलेला नव्हता. या कामाचे पत्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास आले होते, आणि ‘सोमवारी सकाळी’ काम पोचावे असे त्यात लिहिले होते. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेबारा तास मागे असते. आपला शनिवार उजाडतो तेव्हा तेथे शुक्रवारची कचेरी सुटत असते. तेथला कारकून टेबल आवरता आवरता उरलेले काम पुढे पाठवितो आणि दोन दिवसांच्या सुट्टीवर जातो. ते काम येथे कोणाच्या तरी शनिवार-रविवारवर येऊन पडते. वर्षानुवर्षे या घरात ‘सोमवार सकाळ’ याचा अर्थ डोंबिवलीचीच सोमवार सकाळ असा धरला गेला. रविवारची रात्र जागून काढावयाची, पहाटे काम रवाना करावयाचे, आणि तिकडे ते सोमवारी रात्री साडेनऊपर्यंत कोणी उघडूनही पाहावयाचे नाही! कारण तेथली सकाळचे नऊ वाजण्याची वेळ म्हणजे आपली रात्रीची साडेनऊची. यात गिऱ्हाइकाचा दुष्टावा नव्हता. त्याने आपल्या घड्याळाने लिहिले, तिने आपल्या घड्याळाने वाचले. आणि विचारण्याचा धीर झाला नाही.

घड्याळ कोणाचे, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. नव्या वेळेने गिरणी भरावयाची म्हणजे सूर्याच्या हिशेबाने कामगाराने ३९ मिनिटे अगोदर हजर व्हावयाचे. त्याच महिन्यात शहरातील एका गिरणीच्या कामगारांनी या फेरबदलाचा निषेध म्हणून काम बंद पाडले. मुंबईच्या नगरपालिकेने तर जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालविली. ३९ मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे आज कोणास वाटेल. पण ज्याची झोप त्या मिनिटांतून कापली जाते, त्याला त्यांचे मोल कळते. या घरात तर साडेबारा तासांचा प्रश्न होता. परवाच्या शनिवारी सुनेने प्रथमच एका ओळीचे पत्र पाठविले: सोमवार सकाळ म्हणजे आपली की आमची? तिकडचा माणूस कचेरीतून अजून उठला नव्हता. पंधरा मिनिटांत उत्तर आले: अर्थात आमची. एवढ्या एका ओळीने एक अख्खा दिवस पदरात पडला. आज रविवारी सकाळी तीन-चार तास काम केले की उरलेले सोमवारी दिवसाउजेडी होणार होते.

अकरा वाजता मात्र खरी परीक्षा झाली. मुंबईतील एका जाहिरात-व्यवसायाच्या कचेरीतून दूरध्वनी आला. मजकूर बाराशे शब्दांचा, दर नेहमीपेक्षा चांगला, आणि काम आज रात्रीच हवे. सुनेने “अर्ध्या तासात कळवते” असे सांगून फोन ठेवला. घरात कोणी काही बोलले नाही. पण तिच्या मनात काय चालले असेल, हे अण्णांना न सांगता कळले. कारण ते स्वतः गिरणीत प्रथम लागले ते ‘बदली’ म्हणून. कायम कामगार गैरहजर राहिला तरच बदलीला काम. रोज पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहावयाचे, कोणी आले नाही तर आत जावयाचे, सारे आले तर घरी परतावयाचे. अंगात ताप असला तरी बदली फाटकाशी जावयाचाच. कारण आज दिसला नाही, तर उद्या त्याची आठवण कोणी ठेवावी? दर मोकळ्या शिलेदाराच्या आत असा एक बदली कामगार उभा असतो. बाहेरून घोडा ऐटीत दिसतो. आत मात्र फाटक बंद होण्याची धास्ती असते. ‘एकदा नाही म्हटले तर पुन्हा विचारणार नाहीत’ या एका वाक्याने जितके रविवार गिळले आहेत, तितके कोणत्याही मालकाने गिळले नसतील.

अण्णा एवढेच म्हणाले, “बदलीला नाही म्हणायची सोय नव्हती, सूनबाई. तुला आहे का नाही, ते तूच बघ.”

रविवारच्या सुट्टीला मुंबईत एक इतिहास आहे, आणि तो येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून त्यांच्या मागण्या मांडल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या. आज त्या किती साध्या वाटतात! तरी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षी आठवड्याची सुट्टी कायद्यातही आली. महाराष्ट्रात रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार. कामगारांच्या घरी तो आधीपासून देवाचा होता, तो आता त्यांचाही झाला.

या इतिहासात एक गोष्ट बहुधा दृष्टीआड होते. साच्यावरच्या विणकराला मजुरी मिळे ती विणलेल्या मालावर. साचा बंद म्हणजे मजुरी बंद. म्हणजे रविवार मागताना तो विणकर आपल्या पदरची मजुरी सोडावयास तयार झाला होता. सुट्टी फुकट मिळत नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. आणि तरीही त्याला ती हवी होती. शिलेदाराची अवस्था याहून निराळी नाही. फरक एवढाच, की कामगारांच्या बाजूने बोलावयास लोखंडे उभे राहिले, आणि समोर मालक होते. येथे अर्ज करणारा तोच, अर्ज फेटाळणारा तोच, आणि सुट्टीच्या दिवशी फाटकाशी येऊन उभा राहणाराही तोच.

साडेअकरा वाजता सुनेने दूरध्वनी केला आणि सांगितले, की काम उद्या दुपारपर्यंत होईल, आज होणार नाही. पलीकडून “बरं, बघतो” असे उत्तर आले. ते काम दुसऱ्या कोणाकडे गेले. संध्याकाळी पुन्हा फोन आला नाही, आणि पुढच्या खेपेला येईलच असा भरवसाही नाही. गेलेल्या पैशात मुलीच्या शाळेच्या नव्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च सहज भागला असता, हा हिशेब तिने मनात केलाच. जेवताना ती जरा गप्प होती. परंतु रक्तदाबाच्या पुस्तिकेचे काम बारा वाजता ठरल्या जागी येऊन थांबले, टेबलावरचा संगणक मिटला आणि त्यावर मुलीने आपले गोष्टीचे पुस्तक ठेवले. जणू फाटकाला कुलूप लागले.

दुपारची झोप झाली. पावसाची एक सर येऊन गेली. चारच्या चहाला शेजारच्या बाई आल्या, त्यांच्याशी लोणच्याच्या कैऱ्यांच्या भावाबद्दल बोलणे झाले. पाचनंतर मायलेकी फडके रोडवर जाऊन आल्या. येताना मुलीने छत्री मिटून ठेवली आणि मुद्दाम भिजली. यांपैकी कशालाही मोठेसे कारण नव्हते. ज्या दिवशी कारण नसलेल्या गोष्टींना जागा उरते, त्या दिवसाला सुट्टी म्हणावे.

मोकळ्या धंद्याची महती गाणारे सांगतात, की यात वेळेचे बंधन नाही, भोंगा नाही. ते अर्धेच खरे आहे. गिरणीचा भोंगा सकाळी माणसाला हाकून नेई, म्हणून तो कडू वाटे. पण तोच भोंगा संध्याकाळी त्याला सोडवीतही असे, हे भोंगा गेल्यावर कळते. ज्याला सकाळचा भोंगा नको, त्याने संध्याकाळचा तरी स्वतः वाजविण्यास शिकले पाहिजे. आपली सोमवार सकाळ कोणती, हे स्पष्ट विचारावे. आठवड्यातून एकदा होणारा तोटा आधीच हिशेबात धरावा. आणि तो सोसून दार लावून घ्यावे. यासाठी कायदा नाही, संघ नाही, सभा नाही. एक माणूस आणि त्याचा धीर, एवढीच सामग्री आहे.

दिवेलागणीच्या वेळी अण्णांनी देवापुढे निरांजन लावले आणि बाहेर येऊन नेहमीप्रमाणे विचारले, “काय सूनबाई, सुटली का पाळी?”

सून मुलीचे ओले केस पुशीत होती. ती म्हणाली, “सुटली, अण्णा.”

अण्णा खुर्चीत पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून, स्वस्थ बसले.